धडक माझ्याकडून झाली, पुढचे अकरा महिने विमा कंपनीबरोबर

मुख्य रस्त्याला मिळणाऱ्या वळणावर माझ्यापुढे एक गाडी उभी होती. ती हलली. मी मान वळवून बाजूने येणारी वाहनं बघितली, रस्ता मोकळा दिसला आणि ब्रेकवरचा पाय सोडला. पुढची गाडी मात्र दोन हात जाऊन पुन्हा थांबली होती. आवाज फार मोठा झाला नाही, भरलेला डबा हातातून खाली पडावा तेवढाच. उतरून पाहिलं तर त्यांच्या मागच्या बंपरवर दोन बारीक गोल खड्डे होते. ते माझ्या नंबर प्लेटच्या स्क्रूंचे. बाकी ओरखडासुद्धा नव्हता.

गाडी चालवणाऱ्या ताई उतरल्या. मी म्हणालो, "माफ करा ताई, माझं लक्ष तिकडे होतं. कुठे लागलं का?" त्यांनी मानेवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "नाही हो, दचकले फक्त." आम्ही एकमेकांचे नंबर घेतले, मी मोबाइलवर चार फोटो काढले आणि दोघंही आपापल्या वाटेने गेलो. विमा कंपनीला मी काही कळवलं नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला, असं वाटलं. या सगळ्या प्रकरणात धडकेनंतरची माझी मोठी चूक हीच.

एकोणिसाव्या दिवशी रजिस्टर पोस्टाने वकिलाची नोटीस आली. गाडी पत्नीच्या नावावर आहे म्हणून पहिलं नाव तिचं, मग चालक म्हणून माझं. मानेची दुखापत, सततची डोकेदुखी, उजव्या हाताला मुंग्या, कामावरच्या रजा, औषधोपचाराचा खर्च. पत्नीने ती दोनदा वाचली आणि मला एवढंच विचारलं, "तू म्हणालास ना, काही झालं नाही म्हणून?"

हा रिव्ह्यू आमच्या विमा कंपनीच्या क्लेम विभागाचा आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. मला जे सांगायचं आहे ते कोणत्याही कंपनीची पॉलिसी असलेल्याच्या कामी यावं, अशी इच्छा आहे. मी गोदामाचा हिशोब सांभाळतो, आलं-गेलं लिहून ठेवणं हे माझं रोजचं काम. नोटीस आली त्या संध्याकाळी एक वही केली आणि शेवटपर्यंत लिहीत राहिलो. खालचे आकडे त्या वहीतले आहेत.

सुरुवात वाईट झाली. हेल्पलाइनवर पहिला कॉल सव्वीस मिनिटांचा. तीन वेळा फोन पुढे ढकलला आणि तिन्ही वेळा गाडीचा नंबर, पॉलिसी नंबर, तारीख पहिल्यापासून सांगायला लावली. शेवटी ज्या मुलाने नोंद घेतली तो म्हणाला, "सर, बंपरला काही झालेलं नाही ना? मग टेन्शन घेऊ नका. पैशासाठी करतात लोक असं."

त्या वाक्याने मला इतका धीर आला की मी ते घरात, गोदामात, बहिणीला फोनवर, सगळीकडे सांगत सुटलो. तीन दिवस मी त्या ताईंना लबाड म्हणत होतो. त्यांनी मानेवरून फिरवलेला हात मी स्वतः पाहिला होता, तरीही. कंपनीचे गुण मी सर्वांत आधी कापतो ते या एका वाक्यासाठी. घाबरलेल्या माणसाला धीर द्यायचा म्हणून दुखावलेल्या माणसावर संशय घ्यायला शिकवणं, ही सेवा नव्हे. त्या मुलाला कुणीतरी असं बोलायला शिकवलं असणार, म्हणून मी त्याला एकट्याला दोष देत नाही.

चौथ्या दिवशी क्लेम अधिकाऱ्यांचा फोन आला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "तुमची मान, पाठ ठीक आहे ना?" मला कुणी हे विचारलंच नव्हतं. मी हो म्हणालो आणि लगेच बंपरचं पुराण सुरू केलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "सर, बंपरला काही झालं नाही यावरून मानेला काही झालं नाही असं म्हणता येत नाही. या दोन गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या."

नंतर मी याबद्दल बरंच वाचलं. मागून धक्का बसतो तेव्हा सीट आणि सीटबरोबर धड पुढे ढकललं जातं, डोकं मात्र क्षणभर जागच्या जागी राहतं. त्या क्षणात मानेचे खालचे मणके एका दिशेने आणि वरचे दुसऱ्या दिशेने वाकतात, मान इंग्रजी एस अक्षरासारखी होते. स्नायू आवळून घ्यायच्या आत हे घडून गेलेलं असतं. याला व्हिपलॅश म्हणतात. मऊ पेशींना ताण बसतो, त्यामुळे एक्स-रेमध्ये बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. दुखणं काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होऊ शकतं. म्हणजे जागेवर "काही नाही हो" म्हणणारा माणूस खरंच बोलत असतो, आणि नंतर दुखतंय म्हणणारा तोच माणूसही खरंच बोलत असतो. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताच्या सरकारी वाहन विमा संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञगटाने १९९५ साली या दुखापतींची शून्य ते चार अशी प्रतवारी केली. नुसती मान दुखणं पहिल्या प्रतीत, आणि हाताला बधिरपणा, कमजोरी अशी नसांची लक्षणं तपासणीत सापडली तर तिसऱ्या प्रतीत. नोटिशीतल्या "हाताला मुंग्या" या दोन शब्दांकडे मी तोवर नीट पाहिलंच नव्हतं.

आणखी एक गोष्ट वाचली आणि त्या रात्री झोप लागली नाही. धक्का बसताना मान वळलेली असेल तर इजा जास्त होण्याची शक्यता असते. त्या ताईही त्या क्षणी माझ्यासारख्याच बाजूने येणारी वाहनं बघत होत्या. ब्रेक सोडण्याआधी त्यांच्या मागच्या काचेतून मला त्यांचा चेहरा एका बाजूने दिसला होता, हे मला तेव्हा आठवलं. मी हे क्लेम अधिकारी मॅडमना फोन करून सांगितलं. हे आपल्या विरोधात जाईल का, असंही विचारलं. त्या म्हणाल्या, "जे दिसलं ते सांगा. कोणाच्या बाजूचं आहे ते आम्ही बघू."

अपघात उशिरा कळवल्याचा मुद्दा इथे सांगायला हवा. पॉलिसीत स्पष्ट अट असते की अपघात झाला की लगेच कळवा, आणि त्रयस्थाचा (थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याचा) दावा किंवा नोटीस आली की ती तशीच कंपनीकडे पाठवा. मी पहिली अट मोडली होती. कंपनी यावरून वाद घालू शकली असती. मॅडमनी माझ्याकडून एका पानाचं पत्र घेतलं: कधी झालं, का कळवलं नाही, कधी कळलं. "सबब शोधू नका, जे वाटलं तेच लिहा," म्हणाल्या. मी लिहिलं की समोरच्या व्यक्तीने लागलं नाही असं सांगितलं आणि नुकसान किरकोळ दिसलं, म्हणून कळवलं नाही. ते पत्र मान्य झालं. पण ज्यांची फाइल अशा समजूतदार अधिकाऱ्याकडे जाणार नाही त्यांनी नशिबावर विसंबू नये. धक्का कितीही छोटा असो, त्याच दिवशी कळवा आणि कळवल्याचा नंबर लिहून ठेवा. कळवलं म्हणजे दावा केला असं होत नाही.

नोटिशीला मी स्वतः उत्तर लिहायला बसलो होतो. चार पानं झाली होती. मॅडमनी ते थांबवलं. मूळ नोटीस पाकिटासकट पाठवायला सांगितली, कारण पाकिटावरच्या शिक्क्यावरून ती कधी मिळाली ते सिद्ध होतं. स्वतः कबुली देऊ नका, पैसे देऊ नका, "आपसात मिटवू" असंही म्हणू नका, कारण कंपनीला न विचारता तुम्ही काही कबूल केलं तर संरक्षणच अडचणीत येऊ शकतं. मी विचारलं, मी तर जागेवरच माफी मागितली होती, त्याचं काय? माझ्या मनावर हे मोठं ओझं होतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की "लागलं का, माफ करा" हे माणुसकीचं बोलणं आहे, त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका, फक्त स्टेटमेंटमध्ये ते वाक्य लपवू नका. काही ठिकाणी तर हे कायद्यातच लिहिलेलं आहे, हे मला नंतर समजलं. इंग्लंडमध्ये २००६ च्या भरपाई कायद्यात म्हटलं आहे की नुसती माफी मागणं म्हणजे निष्काळजीपणाची कबुली नव्हे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतानेही २००६ मध्येच माफीसाठी स्वतंत्र कायदा केला. सगळीकडे असा कायदा नाही, पण लागलं का हे विचारायला माणसं कचरू नयेत म्हणून कुणीतरी कायदा करतं, हे वाचून मला बरं वाटलं.

स्टेटमेंट रेकॉर्ड करायचा दिवस हा या सेवेतला सर्वांत चांगला दिवस. पन्नास मिनिटं. सुरुवातीला मी विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला आकडा देत होतो, वेग अमुक, अंतर तमुक, गोदामातली सवय. त्यांनी मध्येच रेकॉर्डिंग थांबवलं. "तुम्ही वेगाचा काटा बघितला होतात का?" नव्हता बघितला. "मग माहीत नाही म्हणा. माहीत नाही हे पूर्ण उत्तर आहे." मग पुन्हा पहिल्यापासून घेतलं. चार फोटोंपैकी एका फोटोत दोन्ही गाड्या अजून हलवलेल्या नव्हत्या, तो सगळ्यात उपयोगी ठरला. बंपरच्या खड्ड्यांचा फोटो मी इतका जवळून काढला होता की तो कोणत्या गाडीचा आहे तेच कळत नव्हतं. जवळून काढा, पण त्याच जागेवरून दोन पावलं मागे जाऊन नंबर प्लेटसकट आणखी एक काढा.

आता वाईट भाग. स्टेटमेंट झालं आणि पाच महिने शांतता. वहीत या काळातले चौदा फोन आणि सहा ईमेल आहेत. नऊ फोनवर "प्रक्रियेत आहे" एवढंच उत्तर. चार ईमेलला तेच यांत्रिक उत्तर, दोनांना काहीच नाही. मॅडमची बदली दुसऱ्या विभागात झाली आहे, हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं, तेही मी फोन केला म्हणून. नव्या अधिकाऱ्यांकडे फाइल होती, पण त्यात माझं उशिराबद्दलचं पत्र नव्हतं. माझ्याकडे पोच होती म्हणून बरं.

कंपनीच्या दृष्टीने या महिन्यांत काम चालूच होतं. वैद्यकीय कागद येत होते, त्यांच्या डॉक्टरांची तपासणी होत होती, जखम स्थिरावल्याशिवाय भरपाईचा आकडा ठरवता येत नाही. हे सगळं मला पुढे पॅनेलवरच्या, म्हणजे कंपनीने नेमलेल्या, वकिलांनी सांगितलं आणि पटलंही. पण हेच तीन ओळींत महिन्याला एकदा कळवलं असतं तर? ज्याच्या हातून धडक झाली त्यालाही झोप नसते. दर पोस्टमनच्या वेळी पत्नीचा चेहरा उतरायचा. दावा पॉलिसीच्या मर्यादेपेक्षा मोठा निघाला तर वरचं आपल्याला भरावं लागेल का, हा एकच प्रश्न मी लेखी तीनदा विचारला. उत्तर तिसऱ्यांदा मिळालं, एका ओळीचं: दावा मर्यादेच्या आत आहे. ती ओळ पहिल्याच महिन्यात देता आली असती. हा प्रश्न तुम्हीही लेखीच विचारा, आणि उत्तरही लेखीच घ्या.

याच काळात त्या ताईंचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. कित्येकदा फोन हातात घेतला. कशा आहात, एवढंच विचारायचं होतं. वकील मध्ये आल्यावर दाव्याबद्दल थेट बोलू नका असं मला सांगितलं होतं आणि तब्येतीची चौकशी दाव्यापासून वेगळी काढता येईना. मी फोन केला नाही. या व्यवस्थेतली ही गोष्ट मला अजून खटकते. कंपनीकडे दोन्ही बाजूंचा पत्रव्यवहार असतो. चालकाने तब्येतीची चौकशी केली आहे, एवढा निरोप वकिलांमार्फत पोचवायला काय हरकत असावी? मी तशी लेखी विनंती केली होती. उत्तर आलं नाही.

सातव्या महिन्यात पॅनेलवरच्या वकिलांनी बोलावलं. कागदांवरून दिसत होतं की त्या ताईंच्या मानेच्या मणक्यांची झीज आधीपासून होती. माझ्या बहिणीने ते ऐकून लगेच विचारलं, "म्हणजे दुखणं जुनंच ना?" मी तोच प्रश्न वकिलांना केला. त्यांनी समजावलं की जुनं दुखणं किती आणि धडकेने वाढलेलं किती, हे डॉक्टर वेगळं करायचा प्रयत्न करतात आणि भरपाई वाढलेल्या भागाची असते. पण "दुसऱ्या कुणाला एवढं लागलं नसतं" हे उत्तर चालत नाही. त्यांनी १९०१ च्या एका इंग्लिश निकालाचा दाखला दिला. घोडागाडी दारूच्या गुत्त्यात घुसली आणि आत उभी असलेली गरोदर बाई त्या धक्क्याने आजारी पडली, असा तो खटला. न्यायाधीशांनी त्यात म्हटलं होतं की एखाद्याची कवटी नेहमीपेक्षा पातळ किंवा काळीज कमजोर नसतं तर त्याला कमी इजा झाली असती, हा इजा करणाऱ्याचा बचाव होऊ शकत नाही. ज्याला धक्का दिला तो माणूस जसा असेल तसा स्वीकारायचा. मी त्यावर काही बोललो नाही. घरी येऊन बहिणीला फोन केला आणि तीन दिवस त्या ताईंना लबाड म्हणालो ते मी मागे घेतो असं सांगितलं.

थर्ड पार्टीचा हप्ता मी इतकी वर्षं दंड टाळायची पावती समजून भरत होतो. या विम्याची सक्ती आली ती जखमी माणसासाठी. धडक देणाऱ्याच्या खिशात काही नसलं तरी जखमीला भरपाई मिळावी म्हणून. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९२७ पासून, ब्रिटनमध्ये १९३० च्या कायद्याने, भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने. म्हणजे मी जो हप्ता भरत होतो तो त्या ताईंच्या मानेसाठी होता. त्यांनी दावा केला तेव्हा त्यांनी माझ्याकडून काही हिसकावलं नाही. ज्यासाठी ती पॉलिसी आहे, त्याच कामाला त्यांनी ती लावली. कंपनीने हे पहिल्याच फोनवर सांगितलं असतं, तर माझे पहिले तीन दिवस वेगळे गेले असते.

दहाव्या महिन्यात तडजोड ठरली. रक्कम मी लिहीत नाही, ती त्या ताईंची खाजगी गोष्ट आहे. कंपनीने कराराचा मसुदा माझ्याकडे नुसता माहितीसाठी पाठवला होता. मी तो गोदामातलं चलन तपासतो तसा ओळ न ओळ वाचला. "यापुढे कोणताही दावा राहणार नाही" या कलमात फक्त गाडीमालकाचं, म्हणजे पत्नीचं नाव होतं. चालक म्हणून माझं नाव नव्हतं. नोटीस दोघांना आली होती. त्याच दुपारी लेखी कळवलं आणि दोन दिवसांत दुरुस्त मसुदा आला, नव्या अधिकाऱ्यांनी आभारही मानले. हे काम तत्पर झालं, त्याचे गुण त्यांना देतो. तुमच्यावर असा प्रसंग आला तर हे कलम नक्की बघा: मालक, चालक आणि विमा कंपनी, तिघांची नावं हवीत, आणि अपघाताची तारीख बरोबर हवी.

अकराव्या महिन्यात फाइल बंद झाल्याचं पत्र आलं. दोन ओळींचं. मी पहिल्या मॅडमचा विभाग शोधून त्यांना फोन केला, आभार मानायला. त्यांना माझी केस आठवत होती. ताई कशा आहेत हे त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी सांगता आलं नसतं, असं त्या म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "आता दावा संपलाय, सर."

मी दुसऱ्या दिवशी त्यांना मेसेज पाठवला, म्हणजे त्या ताईंना. "त्या दिवशी चूक माझी होती. तुमच्या तब्येतीची काळजी वाटत होती. उत्तराची अपेक्षा नाही." संध्याकाळी उत्तर आलं: "आता बरी आहे. गाडी चालवते. तुम्हीही जपून."

पाचपैकी तीन तारे. पहिल्या मॅडमसाठी आणि मसुदा दोन दिवसांत दुरुस्त केल्याबद्दल तीन. हेल्पलाइनवरच्या त्या वाक्याचा एक तारा गेला, पाच महिन्यांच्या मौनाचा दुसरा. पॉलिसी याच कंपनीकडे रिन्यू केली आहे. रिन्यूअलच्या फॉर्मवर सूचनेसाठी चार ओळींची जागा होती, तिथे मी लिहिलं की क्लेम नोंदवणाऱ्या प्रत्येकाने आधी दोन्ही गाड्यांतल्या माणसांची विचारपूस करावी, बंपरबद्दल नंतर विचारावं.

आमच्या गाडीचे चारही हेडरेस्ट पत्नीने वर केले आहेत. पाठीमागून धक्का बसला तर डोक्याला आधार मिळावा म्हणून त्याची वरची कड डोक्याच्या माथ्याइतकी उंच हवी आणि डोक्यापासून अंतर कमीत कमी. आमचे सगळे इतकी वर्षं तळाला, मानेच्या मागे बसलेले होते.